बीनस्टॉक-डीवरच्या वर्करवर नजर कशी ठेवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीनस्टॉक-डी वापरणाऱ्यांकडून वर्करबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. रांग तुंबल्यामुळे घाईत इथे आला असाल तर थेट प्रश्न ७ पासून वाचा.

१. बीनस्टॉक-डी नक्की काय करतो? आणि लक्ष ठेवायचं म्हणजे कशावर?

हा कामांच्या रांगा सांभाळणारा छोटा सर्व्हर आहे. वेबसाइट किंवा ॲप एखादं वेळखाऊ काम (बिलाची पीडीएफ बनवणं, ईमेल पाठवणं, फोटो लहान करणं) त्याच्याकडे 'पुट' करतं आणि वापरणाऱ्याला लगेच उत्तर देऊन मोकळं होतं. मागे चालणारे वर्कर 'रिझर्व्ह' सांगून काम उचलतात, पुरं करतात आणि 'डिलीट' सांगून रांगेतून काढतात. प्रत्येक रांगेला ट्यूब म्हणतात. रांगेतलं काम चारपैकी एका अवस्थेत असतं: रेडी (उचलायला तयार), रिझर्व्ह्ड (वर्करच्या हातात), डिलेड (ठरलेल्या वेळेपर्यंत थांबवलेलं) किंवा बरीड (बाजूला ठेवलेलं).

हा सर्व्हर वर्कर चालू-बंद करत नाही. काम खरंच झालं की नाही हेही त्याला ठाऊक नसतं. वर्करने 'डिलीट' म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपला. त्यामुळे लक्ष तीन ठिकाणी ठेवावं लागतं: रांगेचे आकडे, वर्करच्या प्रोसेस आणि कामाचा प्रत्यक्ष परिणाम.

२. वर्करची प्रोसेस चालू आहे एवढं तपासलं तर पुरत नाही का?

नाही. प्रोसेस यादीत दिसते, पण डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत तासभर लटकलेली असू शकते, चुकीच्या ट्यूबवर ऐकत असू शकते, किंवा प्रत्येक काम उचलून अपयशी ठरवत असू शकते. तिन्ही वेळा प्रोसेसची तपासणी हिरवीच दिसते. प्रोसेस मेली तर कळावं म्हणून ती तपासणी ठेवा, पण भरवसा 'गेल्या पाच मिनिटांत किती कामं पुरी झाली' आणि 'पुढचं काम किती वेळ थांबलं आहे' या दोन आकड्यांवर ठेवा.

३. आकडे मिळवायला वेगळं सॉफ्टवेअर घालावं लागतं का?

सुरुवातीला नाही. सर्व्हर पोर्ट ११३०० वर साध्या मजकुरात बोलतो. टेलनेटने जोडा, 'स्टॅट्स' टाइप करून एंटर दाबा, सगळ्या सर्व्हरचे आकडे येतात. 'लिस्ट-ट्यूब्स' ट्यूबची यादी देतं, 'स्टॅट्स-ट्यूब' आणि पुढे ट्यूबचं नाव दिलं की त्या एकाच रांगेचे आकडे मिळतात, 'स्टॅट्स-जॉब' आणि कामाचा क्रमांक दिला की एका कामाचा इतिहास.

स्क्रिप्टमधून पाठवताना ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन ही दोन्ही चिन्हं लागतात. नुसत्या न्यूलाइनने सर्व्हर गप्प बसून राहतो आणि स्क्रिप्ट लटकते. नेटकॅट वापरणाऱ्यांची पहिली अडचण बहुतेक वेळा हीच असते. पुढे आलेख हवे असतील तर प्रोमीथिअससाठी (आकडे साठवणारी देखरेखीची प्रणाली) तयार एक्सपोर्टर, म्हणजे तिला आकडे पुरवणारे छोटे प्रोग्राम, आहेत, पण तेही याच आज्ञा विचारतात. दर १५ सेकंदांनी विचारलं तर सर्व्हरला काही जड जात नाही.

४. 'स्टॅट्स'मध्ये इतक्या ओळी येतात, त्यातल्या बघायच्या कोणत्या?

ट्यूबमागे चार आणि एकूण सर्व्हरसाठी एक, एवढ्यांनी बहुतेक गोष्टी कळतात.

'करंट-जॉब्स-रेडी': उचलायला तयार असलेली कामं. एकटा हा आकडा फारसं सांगत नाही. रात्री १२ वाजता ५० हजार बिलं टाकली तर तो ५० हजार होणारच.

'करंट-वॉचिंग': या ट्यूबवर नजर ठेवून असलेली कनेक्शन. हातात काम घेतलेला वर्करही यात मोजला जातो, म्हणून हा आकडा तुम्ही चालवलेल्या वर्करच्या संख्येइतका असायला हवा. शून्य झाला तर त्या रांगेला वाली नाही.

'करंट-वेटिंग': काम मागून वाट पाहत बसलेले वर्कर. हा सतत शून्य आणि रेडी वाढतंय, तर हात कमी पडत आहेत. हा शून्यापेक्षा जास्त आणि तरी रेडी वाढतंय, तर प्रश्न ११.

'करंट-जॉब्स-बरीड': बाजूला ठेवलेली कामं. त्याबद्दल प्रश्न ९.

सर्व्हरसाठी 'जॉब-टाइमआउट्स': किती वेळा वर्कर ठरलेल्या वेळात काम संपवू शकला नाही. निरोगी व्यवस्थेत हा आकडा हलत नाही. आमच्या मते सर्वात दुर्लक्षित आकडा हाच आहे, आणि तो वाढतोय म्हणजे कामं दोनदा होत असण्याची दाट शक्यता आहे.

'डिफॉल्ट' ट्यूबच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. प्रत्येक नवं कनेक्शन आपोआप त्या ट्यूबवर नजर ठेवू लागतं. काम टाकणारं ॲप आणि तुमची देखरेखीची स्क्रिप्टसुद्धा. त्यामुळे तिथला 'करंट-वॉचिंग' वर्करची संख्या म्हणून धरू नका. खऱ्या कामांना स्वतंत्र नावाच्या ट्यूब द्या.

५. अलर्ट किती आकड्यावर लावावा?

कामांच्या संख्येवर लावू नका, थांबण्याच्या वेळेवर लावा. ओटीपीचा एसएमएस ३० सेकंद रांगेत राहिला तर वापरणारा निघून जातो. महिन्याचा अहवाल दोन तास राहिला तरी कुणाचं बिघडत नाही. म्हणून प्रत्येक ट्यूबची मर्यादा वेगळी. सुरुवातीला वापरून बघण्यासारखी मांडणी अशी:

ओटीपी आणि पासवर्डसाठी ३० सेकंद, साध्या ईमेलसाठी ५ मिनिटं, पीडीएफ आणि फोटोंसाठी १५ मिनिटं. 'करंट-वॉचिंग' सलग दोन मिनिटं शून्य असेल तर फोन वाजलाच पाहिजे. 'जॉब-टाइमआउट्स' दहा मिनिटांत वाढला तर चॅटवर संदेश. बरीड शून्यापेक्षा जास्त झालं तर सकाळी बघायच्या यादीत नोंद. त्यासाठी कुणाला झोपेतून उठवू नका, कारण बरीड काम आपोआप कुठे जात नाही. थांबण्याची वेळ काढायची कशी, ते पुढच्या उत्तरात.

६. रांगेतलं सर्वात जुनं काम किती वेळ थांबलंय हे कसं कळेल?

आधी 'यूज' सांगून ती ट्यूब निवडा, मग 'पीक-रेडी' विचारा. पुढे उचललं जाणारं काम दिसतं. त्याचा क्रमांक 'स्टॅट्स-जॉब'ला द्या आणि 'एज' बघा. काम टाकल्यापासून किती सेकंद झाले ते कळतं. 'वॉच' (कामं उचलण्यासाठी ट्यूबवर नजर ठेवायची आज्ञा) सांगून 'पीक-रेडी' केलं तर चालत नाही. 'पीक-रेडी' आणि 'किक' (बरीड कामं परत सोडायची आज्ञा, प्रश्न ९) दोन्ही फक्त 'यूज' केलेल्या ट्यूबवर चालतात, म्हणून रांग भरलेली असतानाही 'नॉट फाउंड' येतं आणि माणूस गोंधळतो.

या पद्धतीला दोन अपवाद आहेत. पहिला प्रायॉरिटीचा. शून्य म्हणजे सर्वात तातडीचं, आणि 'पीक-रेडी' नेहमी सर्वात तातडीचं काम दाखवतं, सर्वात जुनं नाही. तातडीची कामं सतत येत राहिली तर खालच्या प्रायॉरिटीची कामं तासन् तास पडून राहतात आणि तुमचा आकडा मात्र दोन सेकंद दाखवतो. एका ट्यूबमध्ये एकच प्रायॉरिटी ठेवा आणि तातडीच्या कामांना वेगळी ट्यूब व वेगळे वर्कर द्या, म्हणजे हा घोळ मुळातच राहत नाही.

दुसरा अपवाद पुन्हा प्रयत्नाला लावलेल्या कामांचा. 'एज' पहिल्या 'पुट'पासून मोजतो. तासाभराच्या डिलेने 'रिलीज' केलेलं, म्हणजे वर्करने रांगेत परत दिलेलं, काम परत रेडी झालं की लगेच एक तासाचं म्हातारं दिसतं. अलर्ट लावण्याआधी त्याच उत्तरातला 'रिलीजेस' बघा. तो शून्य असलेल्या कामांनाच मर्यादा लावा.

७. ग्राहकांना एकच ईमेल दोनदा जातोय. काम तर एकदाच टाकलं होतं.

बहुतेक वेळा कारण टीटीआर, म्हणजे काम पुरं करायला दिलेली मुदत. ती कामासोबत 'पुट' करताना सेकंदांत ठरते. वर्करने काम उचललं की घड्याळ सुरू होतं. मुदत संपेपर्यंत 'डिलीट', 'रिलीज', 'बरी' (काम बाजूला ठेव) किंवा 'टच' (मुदत वाढव) आलं नाही, तर सर्व्हर ते काम पुन्हा रेडी करतो आणि दुसरा वर्कर ते उचलतो. इथे लोकांची समजूत चुकते: पहिल्या वर्करला कुणी थांबवत नाही. तो आपलं काम करतच राहतो, ईमेल पाठवतो, शेवटी 'डिलीट' म्हणतो आणि त्याला 'नॉट फाउंड' मिळतं, कारण ते काम आता त्याच्या नावावर नसतं.

खात्री करायला दोन खुणा पुरेशा आहेत: 'जॉब-टाइमआउट्स' वाढतोय आणि वर्करच्या लॉगमध्ये डिलीटच्या वेळी 'नॉट फाउंड' येतंय. संशयित काम अजून रांगेत असेल तर 'स्टॅट्स-जॉब'मधला 'टाइमआउट्स' सरळ आकडाच देतो.

लाराव्हेलमध्ये (पीएचपीची वेब फ्रेमवर्क) हा टीटीआर 'रिट्राय-आफ्टर' या सेटिंगमधून जातो. तिथे मूळ किंमत ९० सेकंद आहे आणि वर्करचा स्वतःचा टाइमआउट ६० सेकंद. टाइमआउट नेहमी 'रिट्राय-आफ्टर'पेक्षा कमी हवा. मोठं काम होईना म्हणून कुणी टाइमआउट ३०० करतं, 'रिट्राय-आफ्टर' ९० वरच राहतं, आणि त्या दिवसापासून दोन-दोन ईमेल सुरू होतात.

टीटीआर सुधारला तरी काम दोनदा होण्याची शक्यता पूर्ण जात नाही. कनेक्शन नेमकं 'डिलीट'च्या आधी तुटलं तरी हेच होतं. पैसे कापणं किंवा संदेश पाठवणं असं काम असेल तर 'हे आधी झालंय का' ही नोंद डेटाबेसमध्ये युनिक किल्लीने ठेवा.

८. मग टीटीआर एक तास ठेवला तर?

मग उलटी अडचण येते. वर्कर लटकला पण कनेक्शन उघडं राहिलं, तर ते काम तासभर रिझर्व्ह्ड अवस्थेत अडकून पडतं आणि कुणाला मिळत नाही. नेहमीच्या सर्वात लांब कामाच्या दोन ते तीन पट टीटीआर ठेवा. वीस मिनिटं चालणाऱ्या कामांसाठी टीटीआर १२० सेकंद ठेवून वर्करकडून दर ४० सेकंदांनी 'टच' पाठवा. प्रत्येक 'टच'ने मुदत नव्याने सुरू होते. पण 'टच' कामाच्या प्रत्यक्ष प्रगतीला जोडा, जसं दर १०० ओळी झाल्यावर. वेगळ्या थ्रेडमधून आंधळेपणाने पाठवला तर मुख्य काम लटकलेलं असतानाही मुदत वाढतच राहते.

९. बरीड कामं वाढली आहेत. 'किक' करू का?

आधी एक काम उघडून बघा: 'पीक-बरीड'. वर्करच्या लॉगमध्ये त्याच क्रमांकाची चूक शोधा. कारण दूर न करता शेकडो कामं परत सोडली तर ती पुन्हा पुरली जातात आणि दरम्यान नवी कामं मागे पडतात. कारण सापडलं की आधी एकच काम 'किक-जॉब'ने सोडा, ते नीट झालं की १००-१०० ने 'किक'.

इथे एक खड्डा आहे. ट्यूबमध्ये बरीड कामं असतील तर 'किक' फक्त तीच सोडतो. बरीड संपल्यावर पुन्हा 'किक' दिलात तर तो डिलेड कामं वेळेआधी सोडतो. उद्या सकाळी जायच्या आठवणी आज रात्री जातात. म्हणून लूप लावताना दर फेरीला बरीडचा आकडा तपासा आणि शून्य झाला की थांबा.

१०. बरीड शून्य दाखवतंय, तरी ग्राहक म्हणतात काम झालं नाही.

वर्कर अपयश कुठे नोंदवतो ते बघा. लाराव्हेल ठरलेले प्रयत्न संपल्यावर काम बीनस्टॉक-डीमधून डिलीट करतं आणि डेटाबेसमधल्या 'फेल्ड-जॉब्स' टेबलात टाकतं. सर्व्हरच्या नजरेत ते काम व्यवस्थित संपलेलं असतं. त्या टेबलातल्या ओळींवर वेगळा अलर्ट हवा. स्वतः लिहिलेल्या वर्करमध्ये तर अनेकदा चूक झाली की लॉगमध्ये एक ओळ लिहून काम डिलीट केलेलं असतं. तो कोड आजच बदला: पुन्हा जमण्यासारखी चूक असेल तर वाढत्या डिलेने 'रिलीज', नसेल तर 'बरी'.

११. वर्कर मोकळे बसलेत आणि रांग वाढतेय. हे कसं शक्य आहे?

तीन शक्यता, याच क्रमाने तपासा.

एक, ट्यूब थांबवलेली आहे. 'स्टॅट्स-ट्यूब'मध्ये 'पॉझ-टाइम-लेफ्ट' शून्यापेक्षा जास्त असेल तर कुणीतरी 'पॉझ-ट्यूब' दिलं आहे. शून्य सेकंदांचा 'पॉझ-ट्यूब' दिला की ट्यूब पुन्हा चालू.

दोन, वर्कर दुसऱ्याच ट्यूबवर आहेत. सगळ्या सर्व्हरचा 'करंट-वेटिंग' ८ आणि या ट्यूबचा शून्य, म्हणजे नावात फरक आहे. ट्यूबच्या नावात मोठी-लहान अक्षरं वेगळी धरली जातात.

तीन, वाढतंय ते रेडी नसून डिलेड आहे. एकूण कामांचा आलेख काढला असेल तर हे लक्षात येत नाही. चारही अवस्थांच्या रेषा वेगळ्या काढा.

उलट प्रकारही घडतो: वर्कर खरंच मोकळे आहेत पण 'करंट-वेटिंग' कायम शून्य. लाराव्हेलमध्ये बीनस्टॉक-डीसाठी 'ब्लॉक-फॉर' मूळात शून्य असतं, म्हणजे वर्कर काम मागतो, नसेल तर लगेच परत फिरतो आणि ३ सेकंद झोपतो. तो कधी वाट पाहतच नाही. 'ब्लॉक-फॉर' ५ केलं की आकडा खरा दिसू लागतो आणि काम उचलायला लागणारा उशीरही कमी होतो.

१२. डेटाबेस दोन मिनिटं बंद होता. तो परत आला, पण वर्कर परत आलेच नाहीत.

सुपरव्हायझर (प्रोसेस सुरू ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर वर्करची अवस्था 'फेटल' झाली असेल. मूळ सेटिंगनुसार प्रोसेस १ सेकंदाच्या आत मेली तर सुरू होणं फसलं असं धरतात, आणि असे ३ पुन्हा प्रयत्न फसले की तो नाद सोडतो. सिस्टम-डीमध्ये (लिनक्सवर हेच काम करणारी सोय) १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की तसंच होतं. डेटाबेस न मिळाल्यास वर्करने लगेच मरू नये, थांबून पुन्हा प्रयत्न करावा. शिवाय सिस्टम-डीमध्ये 'रीस्टार्ट-सेक' ५ सेकंद करा, म्हणजे ती मर्यादा गाठलीच जात नाही.

दुसरं कारण जास्त लपलेलं असतं. मेमरी वाढू नये म्हणून अनेकजण '५०० कामांनंतर बाहेर पड' अशी सोय ठेवतात. असा वर्कर एक्झिट कोड शून्य (म्हणजे 'सगळं ठीक') देऊन बाहेर पडतो. सुपरव्हायझरचं मूळ 'ऑटो-रीस्टार्ट' फक्त अनपेक्षित मृत्यूनंतर चालतं आणि सिस्टम-डीचं 'ऑन-फेल्युअर'ही शून्याला अपयश मानत नाही. एकेक करून सगळे वर्कर शांतपणे नाहीसे होतात. सुपरव्हायझरमध्ये 'ट्रू' आणि सिस्टम-डीमध्ये 'ऑल्वेज' लिहा.

१३. प्रत्येक डिप्लॉयनंतर (नवा कोड चढवल्यावर) थोडी कामं अर्धवट होतात. का?

थांबायला सांगितल्यावर सुपरव्हायझर १० सेकंद वाट बघतो आणि मग प्रोसेस सरळ मारतो; सिस्टम-डी मूळ सेटिंगमध्ये ९० सेकंद थांबतो. प्रोसेस मेली की कनेक्शन तुटतं आणि हातातलं काम त्या क्षणी रेडी होऊन दुसऱ्याकडे जातं, टीटीआर संपायची वाटही न पाहता. ही मुदत सर्वात लांब कामापेक्षा जास्त ठेवा आणि वर्करने 'टर्म' सिग्नल आल्यावर हातातलं काम संपवून मगच बाहेर पडावं. त्यानंतरही दोनदा होण्याचा धोका उरतो. त्याचा उपाय प्रश्न ७ च्या शेवटी.

१४. वर्कर जिवंत आहे पण लटकलाय, हे सर्वात खात्रीने कसं पकडायचं?

तपासणीचं काम रांगेतूनच पाठवा. दर मिनिटाला प्रत्येक ट्यूबमध्ये एक छोटं काम टाका, त्यात टाकल्याची वेळ लिहा. वर्करने ते उचललं की संपल्याची वेळ डेटाबेसमध्ये नोंदवावी. शेवटची नोंद ५ मिनिटांहून जुनी झाली की अलर्ट. टाकणं, रांग, वर्कर आणि डेटाबेस ही सगळी साखळी एका फटक्यात तपासली जाते. या कामाची प्रायॉरिटी इतर कामांइतकीच ठेवा, नाहीतर ते पुढे घुसून खोटी खात्री देईल.

ही तपासणी निदान एक वर्कर चालतोय एवढंच सांगते. आठपैकी तीन लटकले असतील तर ते कळायला प्रत्येक वर्करने कामागणिक स्वतःची वेळ नोंदवावी लागते. सिस्टम-डीत 'वॉचडॉग-सेक' दिलं आणि वर्कर वेळेवर हजेरी देत नसेल, तर तो मारला जातो आणि 'रीस्टार्ट' सेटिंग असेल तर नव्याने सुरूही होतो. बाहेरच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट घाला. लटकण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

१५. रात्री आलेखातून ट्यूबच गायब होते. डेटा हरवतोय का?

नाही. ट्यूब रिकामी असेल आणि कोणतंही कनेक्शन तिला 'यूज' किंवा 'वॉच' करत नसेल, तर सर्व्हर ती काढून टाकतो आणि 'स्टॅट्स-ट्यूब' 'नॉट फाउंड' देतो. तिचे मोजणीचे आकडेही पुसले जातात. पण गायब होण्याचा दुसरा अर्थ असा की त्या क्षणी एकही वर्कर जोडलेला नव्हता! म्हणून 'डेटा नाही' याला शून्य वर्कर धरा आणि अलर्ट वाजू द्या. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर सगळे एकूण आकडे शून्यापासून सुरू होतात, तेव्हा आलेखात एकूण न दाखवता दर दाखवा.

१६. एक यंत्र वीज जाऊन बंद पडलं, तरी त्यावरचे वर्कर जोडलेले दिसतात.

वीज गेली की कनेक्शन बंद करण्याचा निरोप जात नाही. सर्व्हरच्या बाजूने ते उघडंच राहतं आणि लिनक्सचं मूळ कीप-अलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का हे तपासणारी सोय) पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी करतं. तोवर 'करंट-वॉचिंग' फुगलेला राहतो, आणि वाट पाहत असलेल्या मेलेल्या कनेक्शनला काम दिलं गेलं तर ते टीटीआर संपल्यावरच परत येतं. सर्व्हरवर ही वेळ ६० ते १२० सेकंदांवर आणा. उलट बाजूने, वर्करने 'रिझर्व्ह' न वापरता ३०-६० सेकंदांचं 'रिझर्व्ह-विथ-टाइमआउट' वापरावं, म्हणजे मधला फायरवॉल शांत कनेक्शन तोडत असेल तर तेही लवकर कळतं.

१७. सर्व्हर रीस्टार्ट केला आणि सगळी कामं गेली.

'-बी' पर्याय देऊन बिनलॉगची (डिस्कवर कामांची नोंद ठेवणाऱ्या फाइलची) डिरेक्टरी सांगितली नसेल तर सगळं फक्त मेमरीत असतं. बिनलॉग असेल तर कामं परत येतात. रीस्टार्टच्या वेळी वर्करच्या हातात असलेली कामं रेडी होऊन पुन्हा चालतात. त्या डिस्कवरच्या मोकळ्या जागेवरही अलर्ट हवा.

१८. वर्कर किती वाढवावेत?

हिशोब करा. मिनिटाला १२० कामं येतात आणि एकाला २ सेकंद लागतात, तर ४ वर्कर जेमतेम पुरतात, ६ ठेवा. आता ९००० कामं तुंबली असतील तर ६ वर्कर मिनिटाला १८० संपवतात, त्यातली १२० नवीच असतात, म्हणजे साठा मिनिटाला ६० ने उतरतो आणि मोकळं व्हायला अडीच तास लागतात. १० वर्कर केले तर ५० मिनिटं. पण वाढवण्याआधी एका कामाला लागणारा वेळ तपासा. डेटाबेसच मंदावला असेल तर वर्कर दुप्पट केल्यावर तो आणखी मंदावेल आणि टीटीआर चुकू लागतील.

१९. देखरेखीसाठी पोर्ट ११३०० बाहेरून उघडा ठेवला तर चालेल का?

अजिबात नाही. बीनस्टॉक-डीला पासवर्ड नसतो. जो जोडला जाईल तो कामं वाचू शकतो, पुसू शकतो आणि नवी टाकू शकतो. '-एल' पर्यायाने आतल्या आयपीवर बांधा, फायरवॉलमध्ये फक्त वर्कर आणि ॲपची यंत्रं ठेवा, आणि आकडे गोळा करणारी स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर चालवून निकाल बाहेर पाठवा.